उंबरठ्याबाहेरचा

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गायस या रोमन विधिज्ञाने विद्यार्थ्यांसाठी कायद्याचे जे पाठ्यपुस्तक रचिले, त्यात वारसांची प्रतवारी लावताना त्याने ‘एक्स्ट्रानेउस’ हा शब्द योजिला आहे. आणि ज्या शब्दावरून पुढे अर्ध्या युरोपने परदेशी मनुष्याला संबोधण्याची आपापली रीत घडविली, तो शब्द मुळात किती घरगुती होता हे त्या एका प्रकरणावरून ध्यानात येते. ‘एक्स्ट्रा’ म्हणजे बाहेर, तेव्हा हा बाहेरचा. परंतु कशाच्या बाहेरचा? रोमच्या तटाचा किंवा साम्राज्याच्या सरहद्दीचा येथे संबंध नाही. मृत्युपत्र करणाऱ्या कुटुंबकर्त्याच्या सत्तेखाली जो नाही तो बाहेरचा वारस, मग तो मित्र असो, शेजारी असो, किंवा, गायस स्वतःच हे स्पष्ट करतो, त्या कर्त्याच्या सत्तेतून मोकळा झालेला त्याचाच पोटचा मुलगा असो. सत्तेखालच्या मुलाला बापाचा वारसा कर्जासकट गळ्यात घेणे जुन्या कायद्याने भाग होते. मोकळ्या झालेल्या मुलाला तो घ्यावा की नाकारावा याचा विचार करण्यास मुदत मिळे, कारण तो आता परका ठरलेला असे.

हा शब्द लॅटिनच्या मुखातून लोकभाषांत उतरला तेव्हा त्याचे उच्चार झिजले आणि अर्थ फुगले. जुन्या फ्रेंचमध्ये तो ‘एस्त्रांज’ झाला. आजच्या फ्रेंचमध्ये ‘एत्रांज’ म्हणजे विचित्र आणि ‘एत्रांजे’ म्हणजे परदेशी, शिवाय अनोळखीही, त्यामुळे दारात उभा असलेला अनोळखी इसम दुसऱ्या गावचा की दुसऱ्या राष्ट्राचा, हे त्या एका शब्दावरून फ्रेंच माणसालाही कळत नाही. स्पॅनिशमध्ये ‘एस्त्रान्यो’ म्हणजे चमत्कारिक, इटालियनमध्ये ‘स्त्रानो’ तसाच. रुमानियन ‘स्त्राइन’ मात्र परदेशी याच अर्थाशी इमान राखून राहिला, आणि रोमन फौजा ज्या वेल्समधून केव्हाच निघून गेल्या तेथल्या भाषेतही ‘एस्त्रॉन’ या रूपाने तो आजपावेतो नांदतो आहे. इंग्रजीने फ्रेंचांकडून ‘स्ट्रेंज’ आणि ‘स्ट्रेंजर’ उचलले, आणि काही शतकांनी पंडितांनी तोच लॅटिन शब्द पुन्हा सरळ मुळातून आणून ‘एक्स्ट्रेनिअस’ म्हणून बसविला. स्पेनने तर परदेशी माणसासाठी ‘एस्त्रांखेरो’ हा शब्द शेजारच्या फ्रेंचांकडून घेतला. परक्याला परका म्हणावयाचे तेही परक्याकडून उसना घेतलेल्या शब्दाने, ही गंमत त्या भाषेच्या लक्षात आली असेल असे वाटत नाही.

या प्रवासात एक गोष्ट हळूच घडून गेली. जो शब्द घरातल्या कर्त्याच्या सत्तेची मर्यादा दाखवीत होता, तो राजाच्या सत्तेची आणि पुढे राष्ट्राच्या सत्तेची मर्यादा दाखवू लागला. फ्रान्सचे परराष्ट्र खाते आज त्याच शब्दाने ओळखले जाते आणि 1831 साली उभी राहिलेली त्याची परदेशी फौजही त्याच नावाने. दुसरीकडे ‘विचित्र’ हा अर्थ त्याला चिकटला, म्हणजे बाहेरच्या माणसाचे अस्तित्वच चाकोरीबाहेरचे मानले गेले. सिसेरोने एके ठिकाणी नमूद केले आहे की आपल्या पूर्वजांच्या काळी ‘होस्तिस’ म्हणजे केवळ परदेशी माणूस. त्याच्या स्वतःच्या काळापर्यंत त्याचा अर्थ शत्रू असा झालेला होता. वेल्स हे नाव तर शेजारच्या जर्मानिक टोळ्यांनी दिलेले, आणि त्याचा अर्थच मुळी परक्यांचा मुलूख. आपल्या बापजाद्यांच्या डोंगरात राहणाऱ्या लोकांना, नंतर आलेल्यांनी परके ठरविल्याचे याहून निर्लज्ज उदाहरण सापडणे कठीण. या साऱ्यातून निघणारा एक विचार मला येथे मांडावयाचा आहे. परकेपणाचा संबंध अंतराशी असतो अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि ती बहुधा खोटी असते. कोणाचा जमिनीवर हक्क, कोणाशी रोटीबेटी, आणि कोण कोणाकडे दस्तक मागू शकतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर परका कोण हे ठरते. हे तपासण्यासाठी युरोपात हिंडण्याची गरज नाही. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे ही दोन तालुक्याची गावे त्याला पुरेशी आहेत.

प्रथम आपल्याच भाषेचे पाहू. ‘परकीय’ हा शब्द राज्यकारभाराचा. ‘परका’ हा घराचा. परक्याच्या समोर आपण जो शब्द ठेवितो तो स्वदेशी हा नसून आपला किंवा सख्खा हा असतो, आणि हा एवढा पुरावा गायसच्या बाजूने पुष्कळच म्हटला पाहिजे. मुलगी म्हणजे परक्याचे धन, असे म्हणणाऱ्या समाजाने रोह्याची लेक नागोठण्यावरून पेणला नांदावयास पाठविली तर वाटेत कोणत्याही राज्याची हद्द लागत नाही, भाषा बदलत नाही, भातही त्याच मिठागरांच्या आणि खारेपाटाच्या प्रदेशातला असतो. तरी ती माहेरी येते ती पाहुणी म्हणून, आणि सासरी ‘परक्या घरची’ हा शिक्का पुसला जाण्यास तिला कित्येक वर्षे मोजावी लागतात. रोमन बापाच्या सत्तेतून मोकळा झालेला मुलगा आणि कोकणातली लग्न झालेली मुलगी यांना एकाच कारणाने परके ठरविण्यात आले आहे, आणि ते कारण मिळकतीचे आहे. त्यात वारस म्हणून पसंती-नापसंतीची जी मोकळीक रोमन मुलाला मिळाली ती आपल्या मुलीला जुन्या रिवाजात मिळाली नाही, हा फरक सांगितल्याविना पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

घराकडून गावाकडे गेले तरी हिशेब तोच. देशावरच्या गावांत कसणारांचे दोन वर्ग सरकारी दफ्तरात मांडलेले असत : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सरकारसारा भरीत गेला तोवर ती कोणी हिरावून घेऊ शकत नसे, गावकीत त्याला मान असे, आणि पंचांत तो बसे. उपरी म्हणजे पाटलाशी करार करून जमीन कसणारा. तो शेजारच्या गावातून आलेला असो की त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला असो, दफ्तराच्या लेखी तो वरून आलेला. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने 1819 साली जो अहवाल सादर केला त्यात या दोन वर्गांची चर्चा विस्ताराने आली आहे, आणि इंग्रज अधिकाऱ्याला जे कोडे पडले ते आपल्यालाही पडावयास हवे : ज्याच्या घामाने शेत पिकते तो उपरा, आणि ज्याच्या नावाचा कागद आहे तो गावचा. उपऱ्याचा हा दफ्तरी अर्थ लोकांच्या जिभेवर रुळून सामान्य अर्थ बनला, आणि 1980 साली लक्ष्मण माने यांनी आपल्या आत्मकथेला तेच नाव दिले तेव्हा ते मराठी वाचकाला समजावून सांगावे लागले नाही. एक बारीक गोष्ट जाता जाता नोंदवितो. निजामशाही मुलखात ज्या माणसाच्या धाऱ्याचे नाव पुढे दीर्घकाळ महसुलाच्या बोलण्यात राहिले, तो मलिक अंबर स्वतः अबिसिनियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. त्याच्या बंदोबस्तात शेतकरी आपल्या जमिनीचे नाते मोजू लागले. त्याला कोणी उपरी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता रोह्याकडे वळू. रोहे कुंडलिकेच्या काठी आहे, पलीकडे अष्टमी. नदी सह्याद्रीतून उतरते आणि रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते, जेथे एका बाजूस रेवदंडा आणि चौल, दुसऱ्या बाजूस कोर्लईचा डोंगर. मराठी कागदपत्रांत या किनाऱ्याच्या दोन टोकांना दोन नावे आढळतात : उत्तरेकडचा फिरंग्यांचा मुलूख तो फिरंगाण आणि दक्षिणेकडचा जंजिऱ्याच्या सिद्दीचा तो हबसाण. म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातला माणूस घराबाहेर पडून दोन्हीकडे पाहू लागला तर भूगोलच त्याला परक्यांच्या नावाने दिसे. यांपैकी ‘फिरंगी’ हा शब्द मला लॅटिन ‘एक्स्ट्रानेउस’चा आशियातला जुळा भाऊ वाटतो, पण उलट्या तोंडाने जन्मलेला. लॅटिन शब्दात कोणाचे नाव नव्हते, केवळ बाहेरपणा होता. फिरंगी हे मुळात एका टोळीचे नाव. गॉल प्रांतात राज्य स्थापणारे फ्रँक लोक अरबांच्या जिभेवर ‘इफ्रंज’ झाले, धर्मयुद्धांच्या काळात पश्चिमेकडून आलेला प्रत्येक ख्रिस्ती योद्धा त्याच नावाने ओळखला जाऊ लागला, फारसीने त्याचे ‘फरंग’ केले, आणि तेथून जहाजांबरोबर तो शब्द पूर्वेकडे असा पसरला की इथियोपियात ‘फेरेंज’, तमिळमध्ये ‘परंगी’, मलायात ‘फेरिंगी’, थायलंडात ‘फरांग’ आणि चीनमध्ये ‘फोलांगजी’, ही सगळी त्याचीच रूपे होत. थाई लोक पेरूलाही ‘फरांग’ म्हणतात, तमिळांनी भोपळ्याला ‘परंगीकाय’ म्हटले, चिन्यांनी पोर्तुगीज तोफेला तेच नाव दिले. भावमिश्राच्या सोळाव्या शतकातल्या वैद्यकग्रंथात नव्याने आलेल्या एका गुप्तरोगाचे नाव फिरंगरोग असे आहे. आणि मराठ्यांच्या कमरेला लटकणारी, परदेशी पात्याची सरळ तलवार ती ‘फिरंग’. रोग, फळ, तोफ आणि तलवार एकाच नावाखाली आणणारा शब्द कोणाविषयी माहिती देत असेल तर ती फिरंग्याविषयी नव्हे, त्याला पाहणाऱ्यांच्या धास्तीविषयी आणि हौसेविषयी देतो.

मराठीत या शब्दाचे पुढे जे झाले ते सगळीकडे झाले नाही. आमच्याकडे तो आकसला. सर्व गोऱ्यांना व्यापणारा शब्द पोर्तुगीजांपुरता उरला, कारण कोकणच्या किनाऱ्यावर प्रथम येऊन ठाण मांडले ते त्यांनी. 1508 साली चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांशी त्यांची लढाई झाली, 1521 मध्ये निजामशहाकडून त्यांना तेथे कोट बांधण्याची परवानगी मिळाली, आणि 1594 मध्ये कोर्लईचा डोंगरही त्यांनी घेतला. पुढे इतर टोपीवाले आले तेव्हा त्यांच्यासाठी निराळी नावे लागली, आणि ती आम्ही बहुतांशी फिरंग्यांच्याच तोंडून शिकलो : इंग्रज हे पोर्तुगीज ‘इंग्लेझ’, वलंदेज हे ‘ओलांदेझ’. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार यांची नावे टोपीकर या एका सदराखाली वेगवेगळी घेतलेली आहेत. परिणाम असा की ज्या फ्रँकांच्या नावावरून फिरंगी शब्द निघाला त्यांचे खरे वारस जे फ्रेंच, ते मराठीत फरासीस झाले, आणि त्यांचे मूळ नाव लिस्बनच्या लोकांकडे वतन म्हणून गेले. वारस कोण आणि बाहेरचा कोण, याचा निवाडा भाषाही पुष्कळदा गायसइतक्याच कोरडेपणाने करते.

फिरंग्याकडून आलेल्या वस्तूंचे मात्र काय झाले पाहा. पेण शहरात, आणि तालुक्यातल्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या कारखान्यात जाऊन उभे राहिले, तर श्रावणाच्या सुमारास ओळीने मांडलेल्या मूर्तींवर आखणी चाललेली असते, डोळ्यांचे काम सर्वांत कसलेल्या हाताकडे दिलेले असते, आणि बाजूला एखादा पोरगा घमेल्यात शाडू भिजवीत असतो. घमेले पोर्तुगीज आहे, शेजारची बादली पोर्तुगीज, आठवड्याअखेर त्या पोराला मिळणारा पगार पोर्तुगीज, दुपारच्या चहाबरोबरचा पावही पोर्तुगीज. शाडू गुजरातेतून येतो. यांपैकी कोणत्याही गोष्टीला आपण फिरंगी म्हणत नाही. आणि तयार झालेली मूर्ती मुंबईला गेली की समुद्रापार गेली, तिला ‘पेणचा गणपती’ याखेरीज दुसरे नाव नाही. वस्तूंना गावात घेणे गावाला जड जात नाही, कारण घमेले मिरास मागत नाही. कार्ताझ या दस्तकाविना गलबत हाकारल्यास ते जप्त करणारा, किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याला आपल्या जकातीच्या चौकीकडे वळविणारा माणूस दोनशे वीस वर्षे रेवदंड्यात राहूनही फिरंगीच राहिला. 1740 साली तो मुलूख मराठ्यांकडे आला तेव्हा त्याचे नातू-पणतू तेथेच जन्मलेले होते.

फिरंगी गेले, कोर्लईच्या पायथ्याचे गाव मागे राहिले. तेथल्या ख्रिस्ती लोकांची बोली पोर्तुगीज शब्दांची, पण वाक्याची ठेवण मराठी, क्रियापद शेवटी. जवळजवळ तीनशे वर्षे लिस्बनशी किंवा गोव्याशी रोजचा संबंध नसताना ती जिवंत आहे, आणि बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. ती टिकली कशी याचे उत्तर भाषाशास्त्रज्ञ जे देतात ते माझ्या मुद्द्याच्या अगदी कामाचे आहे : धर्म बदलल्यामुळे भोवतालच्या हिंदू आणि मुसलमान वस्तीशी त्यांची रोटीबेटी तुटली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कुंपणाच्या आत भाषा सुरक्षित राहिली. पोर्तुगीज शब्द बोलणारा, पण मराठी वाक्य रचणारा हा माणूस कोणाच्या बाहेरचा? पोर्तुगालच्या लेखी तो कोणीच नव्हता. त्याला परका करणारी भिंत शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराची होती.

या खाडीवर परक्यांची ये-जा पोर्तुगीजांच्या फार आधीपासूनची. अरब प्रवासी अल्-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, ज्याला अरब सैमूर म्हणत त्या चौलला आला तेव्हा शिलाहारांच्या राज्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान त्याने पाहिले, आणि त्यांच्यापैकी जे येथेच जन्मलेले त्यांना ‘बयासिरा’ असे निराळे नाव असल्याचे नोंदविले. आई-बाप तिकडचे, जन्म इकडचा, अशा माणसासाठी दहाव्या शतकातल्या कोकणात स्वतंत्र शब्द असावा, हे मला मोठ्या सुसंस्कृतपणाचे लक्षण वाटते. आजच्या कोणत्याही राष्ट्राच्या पारपत्र कचेरीला तो सुचलेला नाही. पुढे 1470 च्या आसपास त्वेर शहराचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच चौलला उतरला. इथले लोक अर्धे उघडे फिरतात याचा त्याला अचंबा वाटला. आणि आपण जाऊ तेथे माणसांची झुंड गोरा मनुष्य पाहण्यासाठी मागे येते, हेही त्याने लिहून ठेविले. ‘एस्त्रांज’ शब्दाचे दोन्ही अर्थ, परदेशी आणि विचित्र, एकाच रस्त्यावर समोरासमोर उभे राहिलेले येथे दिसतात, आणि दोन्ही पक्षांच्या मते विचित्र तो समोरचा. रेवदंड्यात आज निकितिनचे स्मारक आहे.

पेण आणि रोह्याचा खरा मामला मात्र बेने इस्रायल या ज्यू समाजाचा आहे, आणि त्यांच्यापाशी थोडे थांबलेच पाहिजे. या समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात जोडपी वाचली, आणि त्यांची संतती कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात गावोगाव पांगली. धर्मग्रंथ समुद्रात गेलेले, हिब्रू विसरलेले. एक प्रार्थना, सुंता, खाण्याचे नियम आणि शनिवारची विश्रांती एवढेच उरलेले. त्यांनी घाणा धरला. गावाने त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्याला दिसले ते इतकेच की हे तेल गाळणारे लोक आहेत आणि शनिवारी यांचा घाणा बंद असतो. म्हणून नाव पडले शनिवार तेली. त्यांच्या धर्माचा शोध बाहेरच्या ज्यू पंडिताने, डेव्हिड रहाबीने, लावल्याची जी कथा सांगतात ती अस्सल कोकणी आहे : त्याने बायकांपुढे मिश्र मासळीची टोपली ठेविली, आणि त्यांनी पर व खवले असलेली मासळी शिजवावयास घेऊन शिंगाळ्यासारखी बिनखवल्याची बाजूला काढली. ज्या किनाऱ्यावर आगरी, कोळी, मराठा, मुसलमान सगळे मिळेल ती मासळी आनंदाने खातात, तेथे शतकानुशतके एखाद्या घराने टोपलीतली काही मासळी दूर सारावी आणि शेजारणीने त्याबद्दल विचारूही नये, यात गावाची बेफिकिरी होती म्हणा किंवा समजूत होती म्हणा. माझा कल बेफिकिरीकडे आहे, आणि परक्याच्या दृष्टीने ती समजुतीहून अधिक हिताची असते. त्यांच्या प्रार्थनामंदिराला लोक मशीद म्हणत. मुंबईत 1796 साली सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी बांधलेले पहिले मंदिरही ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखले गेले.

त्यांची आडनावे वाचीत गेले की कुलाब्याचा नकाशा उलगडतो : पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रुळकर, घोसाळकर, चेऊलकर, नवगावकर, केहीमकर. यावरून असे म्हणण्याचा मोह होतो, आणि अनेकांनी तो आवरलेला नाही, की पाहा, मराठी मातीने समुद्रातून आलेल्यांना ‘कर’ जोडून आपले म्हटले. हे मला पटत नाही. पेणमध्ये राहणाऱ्या माणसाला पेणमध्ये पेणकर कोण म्हणणार? ते नाव पेण सोडल्यावर पडते, आणि देतात ते पेणबाहेरचे. अठराव्या शतकापासून हे लोक मुंबईत आणि कंपनीच्या पलटणींत जाऊ लागले, हजेरीपटावर नाव मांडावे लागले, तेव्हा गाव आडनावात आले. हीच गत मूळच्या गावकऱ्याची. रोह्याचा तरुण मुंबईत नोकरीला लागला तर तेथे तो रोह्याचा कोकण्या. गणपतीला गावी आला तर भाऊबंद त्याला चाकरमानी किंवा मुंबईकर म्हणून हाक मारतात. ज्याच्या नावाचा सातबारा आहे त्याच्याच दारात तो मुंबईकर ठरतो. ‘कर’ हा प्रत्यय आपलेपणाचा दाखला नसून गैरहजेरीचा आहे. पेणने आपल्या तेल्यांना जी खरी मान्यता दिली ती आडनावात नव्हती. ती त्यांच्या शनिवारला मोडता न घालण्यात होती. तरीही त्यांच्यात आपसांत गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता, आणि गोऱ्यांची काळ्यांशी सोयरीक होत नसे. कुंपण घालावयाचे ठरले की त्याला मोठा समाज लागत नाही.

1948 साली इस्रायल राष्ट्र झाले आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत यांतले बहुतेक तिकडे गेले. जेथे आपण कोणाला परके नसू असे ठिकाण ते हेच, ही त्यांची कल्पना. 1962 साली तेथल्या मुख्य धर्मपीठाने आज्ञा काढली की बेने इस्रायल स्त्री-पुरुषांची इतर ज्यूंशी लग्ने लावताना त्यांच्या आई, आजी, पणजी अशा पिढ्या जमेल तितक्या मागे जाऊन तपासाव्या. म्हणजे प्रश्न पुन्हा बेटीचाच. धर्म तोच, राष्ट्र तेच, मतदानाचा हक्क होता. विवाहाच्या नोंदवहीत मात्र ते बाहेरचे. त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ठराव करून त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू मानावे असे सांगितले, तेव्हा ती आज्ञा बदलली. जो परकेपणा दोन वर्षे घटस्फोट आणि मोडलेल्या सोयरिकींच्या भीतीने डोक्यावर टांगलेला होता तो एका ठरावाने उतरला. यावरून तो त्यांच्या रक्तात किंवा कातडीत कोठे नव्हता हे उघडच आहे. कोकणात ते तेली होते, तिकडे हिंदी झाले. आणि तेथे त्यांनी जे मराठी नियतकालिक चालविले त्याचे नाव ठेविले ‘मायबोली’.

रोह्याजवळ धाटावला रसायनांचे कारखाने आले त्यालाही आता कित्येक वर्षे झाली. उत्तरेकडून कामाला आलेल्या माणसाला तेथे ‘भय्या’ म्हणतात. मूळ शब्द भावाचा, आणि तो त्या माणसाने स्वतःच आपल्या बोलण्यातून आणलेला. आम्ही तो त्याच्याकडून घेतला आणि त्याच्यावरच चिकटविला, जसे पोर्तुगीजांकडून इंग्रजांचे नाव शिकून इंग्रजांना लावले. नात्याचा शब्द परकेपणाचा होऊ शकतो याचा याहून चांगला पुरावा लॅटिनमध्येही मिळणार नाही. त्याची मुले नगरपालिकेच्या शाळेत मराठीत शिकतात, कुंडलिकेच्या पुरात त्याची खोलीही पाण्याखाली जाते, आणि दहीहंडीच्या थरात तो खालच्या फळीत उभा असतो. पण त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, आणि सोयरीक अजून गावात जमत नाही. या दोहोंपैकी पहिले पैशाने साधते आणि बहुधा आधी साधेल. त्याच्या नातवाचे आडनाव तेव्हा काय असेल हे सांगता येणार नाही. मात्र तो रोह्यातच राहिला तर ते रोहेकर नसेल, कारण रोहेकर होण्यासाठी त्याला मुंबईला जावे लागेल.